ओपन सोर्स लाकडी फर्निचर: सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं काय प्रकरण आहे?

कुणीतरी टेबल, रॅक, स्टूल असं काहीतरी डिझाइन करतं, पण नुसतं चित्र काढून थांबत नाही, त्याचा छोटा प्रोग्रॅम लिहितं. तुम्ही त्याला रुंदी, उंची, खोली, फळीची जाडी, कप्पे किती हवेत असे आकडे द्यायचे आणि तो तुम्हाला प्रत्येक तुकड्याचं माप, भोकांच्या जागा, कापायची यादी आणि बरेचदा मशीनला द्यायची फाइलसुद्धा काढून देतो. हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी उघडा, म्हणजेच ओपन सोर्स असतो, कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. लाकूड, करवत आणि मेहनत मात्र तुमची, ती अजून डाउनलोड होत नाही.

फुकट प्लॅन तर पूर्वीपासून मिळतात की, मग यात नवीन काय?

फुकट प्लॅन म्हणजे बहुतेक वेळा पीडीएफ. त्यात ९०० मिमी रुंदीचं टेबल आहे आणि तुमच्या कोपऱ्यात जागा ८४० ची आहे, मग बसा कॅल्क्युलेटर घेऊन. वरची फळी ६० ने कमी, पुढची-मागची आडवी पट्टी ६० ने कमी, पाय तसेच, ड्रॉवर असेल तर त्याचा तळ कमी, समोरचा दर्शनी भाग कमी, आणि तिरकी पट्टी असेल तर तिची लांबी पण बदलणार आणि कोन पण. एखादा आकडा बदलायचा राहतो आणि तो नेमका शेवटच्या तुकड्याला कळतो. प्रोग्रॅममध्ये एका ओळीत ९०० चं ८४० केलं की बाकीचं सगळं आपोआप सरकतं. त्यामुळे मी तरी ज्याची मूळ फाइल मिळते आणि ज्यातले आकडे बदलता येतात त्यालाच ओपन म्हणतो, पीडीएफ कितीही देखणी असली तरी ती त्या फाइलची प्रिंट आहे.

तसं लोकांनी स्वतः बनवावं म्हणून डिझाइन वाटून टाकायची कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची. इटलीतल्या एन्झो मारी या डिझायनरने १९७४ मध्ये साध्या फळ्या आणि खिळे वापरून करायच्या टेबल-खुर्च्या-पलंगांचे आराखडे सगळ्यांना खुले केले, मागेल त्याला टपालाने. फक्त कारखानदार आणि व्यापाऱ्यांनी ते वापरायचे नाहीत अशी अट होती. ही अट लक्षात ठेवा, खाली लायसन्सच्या प्रश्नात ती पुन्हा उपयोगी पडेल.

कॉम्प्युटरने केलेलं डिझाइन म्हणजे एआयने केलेलं का?

तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली फिरतात म्हणून हा गोंधळ होतो.

पहिला प्रकार म्हणजे वर सांगितलेला, आकडे द्या, माप घ्या. यात अक्कल माणसाची असते, त्याने एकदा बसून ठरवलेलं असतं की फळीची लांबी म्हणजे एकूण रुंदी वजा दोन बाजूंची जाडी, आणि कॉम्प्युटर न कंटाळता तेवढी वजाबाकी करतो. कंटाळवाणा वाटतो पण घरी फर्निचर करायला हाच कामाचा.

दुसरा प्रकार म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं की इथे इतकं वजन येणार, इथे जमीन, आता कमीत कमी मटेरियलमध्ये आकार शोध. यातून हाडांसारखे, फांद्यांसारखे आकार निघतात, फोटोत भारी दिसतात. अडचण अशी की यातलं बरंच गणित धरून चालतं की मटेरियल सगळ्या दिशांना सारखंच मजबूत आहे, लोखंडासारखं. लाकूड तसं नसतं. रेषांच्या दिशेने ते जितकं ताठ असतं त्याच्या साधारण दहाव्या-विसाव्या भागाइतकंच आडव्या दिशेने असतं आणि आडवं ओढलं तर रेषेवर सरळ फाटतं. शिवाय तो वळणदार आकार सपाट फळीतून काढणार कसा हा प्रश्न राहतोच.

तिसरा प्रकार म्हणजे चॅटबॉटला सांगून काढलेलं चित्र किंवा कटलिस्ट, म्हणजे कापायची यादी. चित्रातल्या खुर्चीचा मागचा पाय बसायच्या फळीला नक्की कुठे भेटतो हे झूम करून बघा, बरेचदा कुठेच भेटत नाही. कटलिस्ट आली तर बेरीज स्वतः करा. चॅटबॉटला मापं विचारण्यापेक्षा मापं काढणारा प्रोग्रॅम लिहायला सांगणं जास्त शहाणपणाचं, कारण प्रोग्रॅम चालवून तपासता येतो.

कुठली सॉफ्टवेअर लागतात? पैसे पडतात का?

पैसे न देता सगळं होतं. ओपनस्कॅडमध्ये माउसने काही ओढायचं नसतं, सगळं लिहायचं असतं, त्यामुळे प्रोग्रॅमिंगची सवय असलेल्यांना ते आवडतं आणि बाकीच्यांना पहिले काही दिवस वैताग येतो. पण दुसऱ्याने केलेलं डिझाइन नुसतं वापरायचं असेल तर त्यात कस्टमायझर नावाचा पॅनल आहे, तिथे आकडे टाकायचे, कोड बघायचीही गरज नाही. फ्रीकॅडमध्ये माउसने काम होतं आणि सगळी मापं एका स्प्रेडशीटमध्ये ठेवून मॉडेलला जोडता येतात, त्याची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि जुन्या आवृत्तीत मॉडेल थोडं बदललं की सगळे संदर्भ विस्कटायचे तो त्रास बराच कमी झाला. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर कॅडक्वेरी बघा. कापायच्या फाइलवर शेवटचा हात फिरवायला इंकस्केप पुरतं.

एक जुना प्रयोग मुद्दाम बघण्यासारखा आहे, स्केचचेअर, २०११ च्या सुमाराचा. खुर्चीची बाजूने दिसणारी रेघ मारायची, मग तो स्वतः खाचा असलेले तुकडे तयार करतो आणि स्क्रीनवर एक माणूस त्या खुर्चीत बसवून ती कलंडते का तेही दाखवतो. फर्निचरच्या सॉफ्टवेअरमध्ये कलंडण्याचा विचार एवढ्या सोप्या पद्धतीने मांडलेला मी तरी दुसरीकडे फारसा पाहिला नाही.

मला प्रोग्रॅमिंगचा प पण येत नाही, जमेल का?

जमेल. फाइलच्या सुरुवातीलाच पाच-सात ओळी असतात, रुंदी बरोबर इतकी, उंची बरोबर इतकी, तेवढ्याच बदलायच्या. बेरीज-वजाबाकी येते ना, मग झालं.

चांगलं डिझाइन ओळखायचं कसं? फोटो तर सगळ्यांचेच छान असतात.

फोटो बघूच नका, म्हणजे बघा, पण त्यावर ठरवू नका. फाइल उघडा आणि जाडीचा आकडा १८ वरून १२ करा, मग २५ करा. प्रत्येक वेळी खाचा, भोकं, फळ्यांची लांबी सगळं बरोबर सरकलं पाहिजे. बरेच जण वर जाडीची ओळ देतात आणि खाली कुठेतरी घाईत थेट १८ लिहून मोकळे होतात, मग जाडी बदलली की नव्वद टक्के तुकडे बरोबर येतात आणि दोन तुकडे जुन्याच मापाचे राहतात. ही चूक स्क्रीनवर लांबून दिसत नाही, जवळ जाऊन सांधा बघावा लागतो.

मग कप्प्यांची संख्या बदला. चार कप्पे म्हणजे चार फळ्या, की चार फळ्या अधिक वरची-खालची, की चार मोकळ्या जागा? प्रत्येकाचा हिशोब वेगळा असतो आणि कुणी लिहून ठेवत नाही.

तिसरं म्हणजे वेडेवाकडे आकडे द्या, रुंदी १०० मिमी किंवा ३००० मिमी. चांगला लिहिणारा तिथे थांबवतो, सांगतो की बाबा एवढ्या रुंदीला मधे आधार पाहिजे. वाईट लिहिणारा निमूटपणे तीन मीटरची फळी काढून देतो. आणि अर्थात, कुणीतरी दुसऱ्याने ते खरंच बनवल्याचा पुरावा असेल तर त्यासारखं सर्टिफिकेट नाही.

जाडी जाडी काय सारखं? प्लाय १८ मिमीचा म्हणजे १८ मिमीचाच ना?

नसतो, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

१८ म्हणून विकलेला प्लाय प्रत्यक्षात १७.४ भरू शकतो, १७.८ भरू शकतो, एकाच शीटच्या दोन टोकांना वेगवेगळा भरू शकतो. व्हर्नियर कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मोजायचं, सगळ्यात जाड आकडा घ्यायचा. आता एक उदाहरण धरू. ९०० मिमी रुंदीचा रॅक, दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांत ६ मिमी खोल खाच आणि आडव्या फळ्या त्यात बसणार. आडव्या फळीची लांबी म्हणजे ९०० वजा दोन जाड्या अधिक दोन खाचा. जाडी १८ धरली तर ८७६ येते, १७.४ धरली तर ८७७.२. म्हणजे नुसतं लेबल वाचून १८ टाकलं तर फळी १.२ मिमी आखूड पडली आणि वर खाच १८ ची, फळी १७.४ ची, म्हणून प्रत्येक सांध्यात ०.६ मिमीची फट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सांध्यात एका अंशाचा जरी खेळ राहिला तरी १८०० मिमी उंच रॅकचं वरचं टोक ३१ मिमी इकडून तिकडे होतं, आणि मग लोक म्हणतात ओपन सोर्स डिझाइन डुलतं.

उलट बाजूने, अगदी मोजून १७.४ चीच खाच केलीत तर फळी आत जाणार नाही, हातोडीने ठोकलीत तर प्लायचा वरचा थर चिरेल. म्हणून चांगल्या फाइलमध्ये जाडीपासून वेगळी अशी फटीची ओळ असते, ०.१ ते ०.३ मिमी असं काहीतरी. ती किती ठेवायची हे कुणी इंटरनेटवरून सांगू शकत नाही कारण ते तुमच्या मशीनवर, बिटच्या, म्हणजे मशीनमध्ये फिरणाऱ्या कापायच्या हत्याराच्या, धारेवर आणि त्या दिवशीच्या प्लायवर अवलंबून. त्याच शीटच्या कडेच्या टाकाऊ तुकड्यात जवळजवळच्या मापाच्या पाच-सहा खाचा पाडा, फळीचा तुकडा एकेकात घालून बघा, जी हाताच्या दाबाने बसते आणि उलटं धरलं तरी सुटत नाही तो आकडा फाइलमध्ये टाका.

रंग किंवा लॅमिनेट आधी लावणार असाल तर मोजणी त्याच्यानंतर करायची, त्यानेही जाडी वाढते.

सीएनसी मशीन, म्हणजे फाइलवरून आपोआप लाकूड कापणारं मशीन, नाही माझ्याकडे. मग हे सगळं व्यर्थ?

अजिबात नाही. कटलिस्ट घ्या, सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून सर्क्युलर सॉ चालवा, किंवा फळ्या कापून देणाऱ्याकडे यादी द्या आणि भोकं-खाचा तेवढ्या घरी करा. ड्रिल, गुण्या, दोन-चार क्लॅम्प, रंधा, पटाशी एवढ्यावर रॅक नक्की होतो.

फक्त डिझाइन निवडताना बघा की ते खाचांवर उभं आहे की स्क्रूवर. सीएनसीसाठी केलेल्या डिझाइनमध्ये शंभर खाचा असल्या तरी मशीनला फरक पडत नाही, तुमच्या मनगटाला पडतो. आणि त्या खाचांच्या कोपऱ्यात छोटी गोल कानं दिसतील, ती नक्षी नाही. मशीनचा बिट गोल असतो, ६ मिमीचा बिट आतला कोपरा कापताना ३ मिमी त्रिज्येची गोलाई सोडतोच, मग चौकोनी फळी त्यात पूर्ण बसत नाही, म्हणून कोपरा थोडा जास्त कोरून घेतात. हाताने करणार असाल तर ती कानं बंद करायची सोय फाइलमध्ये शोधा, कोपरा पटाशीने चौकोनी करता येतो.

लेझर कटर चालेल का?

खऱ्या फर्निचरला सहसा नाही, छोटी लेझर मशिनं ३ ते ६ मिमीपर्यंतच नीट कापतात. पण एक फार छान उपयोग आहे. १८ मिमीचं डिझाइन एक षष्ठांश केलं की जाडी बरोबर ३ मिमी होते, म्हणजे ३ मिमीच्या शीटमध्ये अख्खं टेबल वीतभर आकाराचं कापून जोडून बघता येतं. कुठला तुकडा आधी घालायचा, शेवटचा तुकडा अडकतो का, हे स्क्रीनवर कळत नाही, या मॉडेलमध्ये पाच मिनिटांत कळतं. लेझर नसेल तर जाड पुठ्ठा आणि कटर.

फाइल उघडली तर टेबल बोटाएवढं आलं, काय झालं?

इंच आणि मिलिमीटर. एसटीएल, डीएक्सएफ, एसव्हीजी हे डिझाइन साठवायच्या फाइलचे प्रकार. एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं, नुसते आकडे, आणि डीएक्सएफमध्ये लिहायची सोय असली तरी बरेचदा रिकामी किंवा चुकीची असते. इंचात काढलेली फाइल मिमी समजून उघडली तर सगळं २५.४ पट लहान. एसव्हीजीचं दुखणं थोडं वेगळं, एका इंचात किती पिक्सेल यावर सॉफ्टवेअरचं एकमत नसतं, इंकस्केपनेच ०.९२ आवृत्तीपासून ९० चं ९६ केलं, त्यामुळे जुनी फाइल सहा-सात टक्क्यांनी चुकते आणि हे जास्त वाईट, कारण २५ पट फरक डोळ्यांना दिसतो, सहा टक्के दिसत नाही. कापायच्या आधी एक ओळखीचं माप स्क्रीनवर मोजून बघायचं, बस.

कागदी टेम्प्लेट छापत असाल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पानात बसवा असा पर्याय असतो तो काढा, १०० टक्के ठेवा, आणि फाइलमध्ये १०० मिमीचा चौकोन असेल तर तो आधी छापून पट्टीने मोजा. उभा आणि आडवा दोन्ही, काही प्रिंटर एका दिशेने ताणतात.

एका शीटमध्ये सगळे तुकडे कसे बसवायचे? कॉम्प्युटर करतो का?

करतो, पण त्याला थोडी मदत लागते. तुकडे कमीत कमी वाया घालवून बसवणं हे गणितातल्या खरोखर अवघड प्रश्नांपैकी एक आहे, तुकडे वाढले की सगळ्या शक्यता तपासणं कॉम्प्युटरलाही परवडत नाही, म्हणून सॉफ्टवेअर बऱ्यापैकी चांगलं उत्तर देऊन थांबतात. आणि ज्याला हाताने किंवा पॅनेल सॉवर कापायचंय त्याला फक्त या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार जाणारे काप चालतात, मधेच थांबून वळता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तसा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर तो असा नकाशा देईल जो फक्त सीएनसीच कापू शकेल.

खरी बचत मात्र डिझाइनच्या आकड्यात असते. नेहमीचं शीट २४४० बाय १२२० मिमी. रॅकची खोली ३०० ठेवली तर १२२० मध्ये चार पट्ट्या बसतात, चार गुणिले ३०० म्हणजे १२००, करवतीचं पातं प्रत्येक कापाला ३ मिमी खातं, तीन कापांचे ९, एकूण १२०९, उरले ११ मिमी, शीटची ठेचलेली कड काढून टाकायला पुरे. आता कुणाला वाटलं जरा ऐसपैस हवं म्हणून खोली ३०५ केली. चार पट्ट्यांचे १२२० आणि वर ९, झाले १२२९, बसतच नाही. तीनच पट्ट्या निघतात आणि जवळजवळ ३०० मिमी रुंदीचा लांब तुकडा उरतो जो पुढची पाच वर्षं भिंतीला टेकून उभा राहतो. पाच मिमीसाठी चौथी पट्टी गेली. प्रोग्रॅम असल्याचा फायदा हा की आकडा खाली-वर करून किती शीट लागतात ते लगेच बघता येतं, तर ते बघा.

प्लायच्या वरच्या थरावरच्या रेषा कुठल्या दिशेने जातात तेही सांगायचं असतं, नाहीतर तुकडा बसवायच्या नादात सॉफ्टवेअर दोन फळ्या आडव्या फिरवतो आणि रॅकचे दोन कप्पे वेगळेच दिसतात.

पुस्तकांचा रॅक मधे वाकतो, डिझाइन चुकीचं आहे का?

बहुतेक वेळा डिझाइन ठीक असतं आणि कुणीतरी रुंदी वाढवलेली असते, म्हणजे आकडे बदलायच्या सोयीची ही दुसरी बाजू. भरलेल्या फळीचं वाकणं लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. ६०० ची फळी ९०० केली, म्हणजे दीडपट, की वाकणं पाचपट होतं. ६०० ची १२०० केली तर सोळापट. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने, १२ ऐवजी १८ घेतली तर वाकणं साडेतीन पटीच्या जवळपास कमी होतं. १८ मिमी प्लायवर पुस्तकं ठेवायची असतील तर मी ७००-७५० च्या पुढे आधाराशिवाय जात नाही, पार्टिकल बोर्ड असेल तर ६०० लाच थांबतो. आणि लाकूड हट्टी असतं, महिनोन्‌महिने वजन राहिलं की पहिल्या दिवशीपेक्षा जास्त वाकतं आणि वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही.

रुंदी हवीच असेल तर फळीच्या पुढच्या कडेला अख्ख्या लाकडाची ४० मिमी उंचीची पट्टी उभी चिकटवा. मागची बाजू मागच्या फळीला स्क्रूने धरली तर अजून बरं. आणि मागची फळी दिसत नाही म्हणून वगळू नका, पातळ ६ मिमीची असली तरी रॅकला चौकोनी ठेवते ती तीच.

प्लायऐवजी अखंड लाकूड वापरलं तर?

वापरा, पण फाइलला हे माहीत नसतं. अखंड लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर रुंदीला फुगतं आणि आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. ९०० मिमी रुंद टेबलची वरची फळी कोरड्या आणि दमट दिवसांत ५ ते १० मिमी कमी-जास्त होऊ शकते, लाकूड कुठलं आणि कसं कापलेलं त्यावर. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने तिथे हा प्रश्न जवळपास नसतो. म्हणून प्लायसाठी केलेलं डिझाइन, ज्यात वरची फळी चारही बाजूंनी ग्लू आणि स्क्रू लावून घट्ट केलीय, ते अखंड लाकडात केलं तर फळी एक दिवस मोठ्ठा आवाज करून चिरते. भोकं लांबट करा, रेषांना आडव्या दिशेने, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते, आणि तिथे ग्लू लावू नका.

पहिल्यांदा काय करू?

छोटा रॅक, खोका, बाक. खुर्ची नको. माणूस खुर्चीत मागे रेलतो, तिरका बसतो, मागच्या दोन पायांवर झोके घेतो आणि ते सगळं मागच्या पायाच्या एका सांध्यावर येतं.

माप किती ठेवायचं, टेबलाची उंची वगैरे?

जेवायच्या किंवा लिहायच्या टेबलाला ७२० ते ७६०, खुर्चीची बसायची उंची ४३० ते ४६०, दोघांतलं अंतर २७० ते ३०० च्या मधे राहिलं की मांड्या अडकत नाहीत. टेबलाखाली आडवी पट्टी किंवा ड्रॉवर असेल तर हे अंतर फळीच्या वरून मोजू नका, पट्टीच्या खालून किती उरतं ते बघा. पण तुम्ही उंच किंवा बुटके असाल तर सरासरीवर कशाला जाता, तुमच्याकडे आकडे बदलायची फाइल आहे. सध्या ज्या खुर्चीत आरामात बसता तिची उंची मोजा आणि तीच टाका.

बनवून विकलं तर चालेल?

लायसन्स वाचा, दोन मिनिटांचं काम आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार लायसन्सच्या नावात पुढे काय लागलंय ते बघायचं. सीसी झिरो म्हणजे काहीही करा. बीवाय म्हणजे मूळ डिझायनरचं नाव द्या. एसए असेल तर तुम्ही बदल करून जे पुढे द्याल तेही त्याच लायसन्सखाली द्यायचं. एनसी म्हणजे व्यापारी वापर नाही, एनडी म्हणजे बदललेली फाइल पुढे वाटायची नाही. एनसी आणि एनडी लावलेली डिझाइनं लोक सर्रास ओपन सोर्स म्हणून टाकतात, पण ओपन सोर्सच्या रूढ व्याख्येत ती बसत नाहीत, त्या हिशोबाने मारींचे आराखडेसुद्धा बसले नसते. ओपनडेस्कसारख्या, फर्निचरची डिझाइनं वाटणाऱ्या ठिकाणीही प्रत्येक डिझाइनचं लायसन्स वेगळं बघावं लागतं. हार्डवेअरसाठी खास असं सर्न या संशोधन संस्थेचं लायसन्सही आहे, पहिलं २०११ मध्ये आलं आणि २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे कडक, मधलं आणि सैल असे तीन प्रकार केले.

लायसन्सच नसेल तर? तर ते खुलं आहे असं धरू नका. काहीच लिहिलं नाही म्हणजे हक्क डिझायनरकडेच. मेसेज करून विचारा, बहुतेक जण खुशीने हो म्हणतात, फक्त लिहायचं विसरलेले असतात.

उद्या मोडलं आणि कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची?

जवळजवळ प्रत्येक ओपन लायसन्समध्ये लिहिलेलं असतं की डिझाइन जसं आहे तसं दिलंय, हमी नाही. म्हणजे जबाबदारी बनवणाऱ्याची. उंच रॅक किंवा कपाट असेल तर वरून भिंतीला अँगलने धरणं हे ऐच्छिक समजू नका, लहान मुलं ड्रॉवरची शिडी करतात. मुलांच्या बंक बेडसारख्या गोष्टी कुठल्याही फुकट फाइलवरून करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे कठड्याची उंची, फटींची रुंदी यांना नियम असतात आणि त्यामागे कारणं असतात. आणि कापताना चष्मा, मास्क, विशेषतः एमडीएफला, त्याचा भुसा पिठाहून बारीक उडतो.

डिझाइनमध्ये चूक सापडली, आता?

डिझायनरला कळवा, पण "माझं बसत नाहीये" एवढंच लिहून सोडू नका, त्यावर कुणी काही करू शकत नाही. फाइलची कुठली आवृत्ती, तुम्ही कुठले आकडे बदलले, प्लायची मोजलेली जाडी किती, आणि जो सांधा बसत नाही त्याचा पट्टी ठेवून काढलेला एक फोटो. दुरुस्ती स्वतः केली असेल तर बदललेली फाइल पाठवा, आणि ती पाठवायच्या आधी जाडी १२ आणि २५ करून एकदा फिरवून बघा.